गळ्यानं वाचायचं

पाच आडव्या रेघा. त्यांच्या खाली आणखी दोन आखूड रेघा, आणि त्यांच्याही खाली लोंबणारं एक काळं टिंब. व्हायोलिनचा सगळ्यात खालचा स्वर, म्हणजे मोकळ्या जी तारेचा स्वर, कागदावर असा दिसतो. पुढची डी तार पाच रेघांच्या तळाला बाहेरून चिकटलेली. ए तार खालून दुसऱ्या घरात. आणि सगळ्यात बारीक ई तार चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या घरात. स्टाफ नोटेशन शिकायला बसलेल्या माणसाला पहिल्या काही आठवड्यांत ही चार ठिकाणं बघताक्षणी ओळखता आली, तरी पुष्कळ झालं.

नीट बघितलं तर एक गोष्ट लक्षात येते. चारही मोकळ्या तारा दोन रेघांमधल्या जागेत, म्हणजे घरात बसतात. रेघेवर एकही नाही. प्रत्येक तारेवरचं पहिलं बोट पडतं ते रेघेवर. दुसरं पुन्हा घरात, तिसरं पुन्हा रेघेवर, चौथं घरात. व्हायोलिनच्या लगतच्या दोन तारांमधलं अंतर षड्ज-पंचमाचं असतं, म्हणजे कागदावर चार पायऱ्यांचं. चार ही सम संख्या, म्हणून हा क्रम चारही तारांवर जसाच्या तसा टिकतो. पहिल्या पोझिशनमध्ये वाजवणाऱ्या नवशिक्याला यातून फार मोठा आधार मिळतो: टिंब रेघेवर दिसलं की पहिलं किंवा तिसरं बोट, घरात दिसलं की मोकळी तार, दुसरं किंवा चौथं. पियानोवाल्याला ही सोय नाही, बासरीवाल्यालाही नाही. हे इतकं साधं असूनही बरेच शिक्षक सांगत नाहीत, याचं मला नवल वाटतं. बहुधा स्वतः लहानपणी शिकलेल्यांना हे शिकल्याचं आठवतच नसावं.

मी स्वतः चाळिशी उलटून गेल्यावर या रेघांसमोर बसलो. आधीची पुंजी हार्मोनियमवरची सरगम, थोडी भजनं, थोडी नाट्यपदं. पुण्यात, मुंबईत, ठाण्यात माझ्यासारखे बरेच विद्यार्थी भेटतात. मुलांना क्लासला सोडायला येतायेता स्वतःच व्हायोलिन हातात घेतलेले पालक, निवृत्त झालेले बँकवाले, कीर्तनात पेटीची साथ करणारे. यांचा कान तयार असतो आणि नेमका तोच सुरुवातीला वाचनाच्या आड येतो. हा पेच नीट उलगडून सांगावासा वाटतो, कारण बाजारातली नवशिक्यांची पुस्तकं ज्या मुलांसाठी लिहिली गेली, त्यांच्या कानात ‘सा’ नव्हता.

आपल्या कानात पहिला प्रश्न उठतो तो ‘सा कुठे?’ एकदा सा ठरला की बाकीचे स्वर त्याच्या नात्यानं आपापल्या जागी येऊन बसतात. काळी दोन घ्या नाहीतर पांढरी पाच, ग हा गच राहतो. पाच रेघांच्या कागदाला मात्र सा माहीतच नाही. चौथ्या घरातलं टिंब म्हणजे ई. मग तो ई आजच्या गाण्यात सा असो, रे असो की ध असो. कागद स्वरांची नाती सांगत नाही, पत्ता सांगतो. आणि त्या पत्त्यावर कुणाशी काय नातं आहे, हे वाजवणाऱ्यानं कानानं ओळखायचं.

डी मेजर हे नवशिक्यांचं लाडकं सप्तक. मोकळी डी तार सा धरली की पहिल्या बोटाला रे, दुसऱ्याला ग, तिसऱ्याला म, मग मोकळी ए तार प, आणि पुन्हा एक-दोन-तीन म्हणजे ध, नी, वरचा सा. थेट बिलावल. दोन्ही तारांवर दुसरं बोट तिसऱ्याला चिकटून बसतं. हात एकदा या सवयीचा झाला की माणूस खूश होतो. मग पुढच्या पानावर येतं जी मेजरचं दोन सप्तकांचं स्केल. खालचं सप्तक जी तारेपासून अगदी तसंच जातं. वरचं सप्तक मात्र डी तारेवरच्या तिसऱ्या बोटापासून निघतं: तिथे सा, मोकळ्या ए तारेवर रे, पहिल्या बोटाला ग, आणि म येतो तो दुसऱ्या बोटाला, पण आता पहिल्याला चिकटून. ज्या जागी कालपर्यंत दुसरं बोट तिसऱ्याला लगटून पडत होतं, तिथून ते अर्ध्या स्वरानं मागे ओढायचं. कानाला सरगम तीच ऐकू येते, बोटांची ठेवण मात्र बदलते. व्हायोलिनला पडदे नाहीत, त्यामुळे बोट जिथे पडेल तिथे स्वर वाजतो आणि चूक लपत नाही.

हे मागे ओढणं कागदावर कुठे लिहिलेलं असतं? ओळीच्या अगदी सुरुवातीला, स्वरचिन्हाच्या (क्लेफच्या) शेजारी. डी मेजरला दोन शार्प, एफ आणि सीवर. जी मेजरला एकच, एफवर. सीवरचा शार्प तिथे नाही, एवढीच काय ती सूचना. पुढे प्रत्येक सीजवळ कुणी आठवण करून देत नाही. नवशिक्याची निम्मी बेसूर वाजवणी या एका कोपऱ्याकडे न बघितल्यामुळे होते. माझे शिक्षक वयानं माझ्याहून बरेच लहान. कुठलाही नवा तुकडा समोर आला की ते गज खाली ठेवायला लावतात आणि विचारतात, “काका, आज दुसरं बोट कुठे?” उत्तर देण्याआधी वाजवायचं नाही.

शार्पचं हे चिन्ह दिसलं की सरगम शिकलेल्या माणसाला ‘तीव्र’ आठवतो. इथे मोठा घोळ होतो. डी मेजरमधला एफ शार्प हा आपला शुद्ध ग. तोच एफ शार्प जी मेजरमध्ये शुद्ध नी. आणि ज्या सीवर काहीच चिन्ह नाही, तो जी मेजरमध्ये शुद्ध म. चिन्हाचा शुद्ध-कोमल-तीव्राशी थेट संबंध नाही. ते फक्त सांगतं की बोट अर्ध्या स्वरानं पुढे. हे एकदा डोक्यात बसलं की कागद निवळतो. बसेपर्यंत माणूस दोन भाषांच्या मध्ये अडकून राहतो, आणि या मधल्या काळात खूप जण वाचन सोडून देऊन यूट्यूबवर बोटं बघून वाजवू लागतात.

दुसरा सापळा आकड्यांचा. नवशिक्यांच्या पुस्तकांत टिंबांच्या डोक्यावर बोटांचे आकडे छापलेले असतात: मोकळ्या तारेला शून्य, तर्जनीला एक, करंगळीला चार. फिंगरबोर्डवर शिक्षकांनी रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या असतात. पहिले काही दिवस हे दोन्ही हवंच. पण डोळा फार लवकर आकड्यांवर राहू लागतो, आणि त्याखालचं टिंब दिसेनासं होतं. आकडा ‘१’ हा डी तारेवर ई, ए तारेवर बी, ई तारेवर एफ. ज्याला फक्त ‘१’ दिसतो, त्याला आपण कोणता स्वर वाजवतोय हे ठाऊक नसतं, म्हणून तो चुकला तरी त्याला कळत नाही. चांगले शिक्षक खोडरबर घेऊन बसतात. आधी मोकळ्या तारांचे शून्य पुसतात, मग तिसऱ्या बोटाचे आकडे, मग बाकीचे.

आपल्याकडे लिपी नव्हती असं नाही. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’त शेकडो बंदिशी लिहून ठेवल्या. अक्षरांत स्वर, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर, एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांखाली कंस. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांची लिपी याहून निराळी. दोन्ही लिप्या सा धरून चालतात. गुरूकडून बंदिश ऐकलेली असली की त्या आठवण पक्की करतात, आणि कोमल कुठला, सम कुठे, हे निर्विवाद सांगतात. पाच रेघांचं बळ दुसरीकडे आहे. त्या स्वराची उंची डोळ्यांना दाखवतात. ओळ चढतेय की उतरतेय, कुठे एकदम उडी आहे, कुठे एकाच जागी घोटाळणं आहे, हे एकही स्वर ओळखण्याआधी दिसतं. टिंबं एका रेघेवरून लगतच्या रेघेवर गेली तर मधला एक स्वर वगळला. सा-ग सारखी उडी. रेघेवरून घरात गेली तर शेजारचा स्वर. सरावलेला वाचक एकेक टिंब वाचत नाही, तो या हालचाली वाचतो.

या रेघा कुणी आखल्या, याची गोष्ट मला फार आवडते. अकराव्या शतकात इटलीत ग्विदो नावाचा एक ख्रिस्ती साधू आरेत्सोच्या चर्चमध्ये मुलांना प्रार्थना गायला शिकवत असे. तोवर स्तोत्रं तोंडी पाठ करण्यात गायकांची वर्षानुवर्षं जात. शब्दांच्या डोक्यावर काढलेल्या खुणा सूर वर जातोय की खाली एवढंच सुचवत. ग्विदोनं चार रेघा आखल्या, एफची रेघ लाल आणि सीची पिवळी केली, आणि एका स्तोत्राच्या ओळींच्या आद्याक्षरांवरून उत्-रे-मी-फा-सोल-ला ही नावं मुलांच्या तोंडी बसवली. दहा वर्षांचं काम आता एका, फार तर दोन वर्षांत होतं, असं त्यानं पत्रात लिहिलं. पोप एकोणिसाव्या जॉननं त्याला रोमला बोलावून घेतलं आणि कधीही न ऐकलेली एक ओळ कागदावरून स्वतः गाऊन बघितली. ही रीत गाणाऱ्यांसाठी जन्मली, हे मला महत्त्वाचं वाटतं. कागदावरचं टिंब आधी गळ्यासाठी होतं. बोटं आणि तारा त्याच्याकडे नंतर आल्या.

गोव्यातल्या मेस्तांना हे पक्कं ठाऊक होतं. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनी गोव्यात चर्चला जोडून शाळा काढल्या, आणि त्यांत वाचन-लेखनासोबत संगीत शिकवलं जाऊ लागलं. गावच्या चर्चचा मेस्त म्हणजे गायकवृंदाचा प्रमुख. तो मुलांना सोल्फा शिकवी, आणि मग व्हायोलिन, ज्याला गोव्यात रेबेक म्हणतात. क्रम ठरलेला: आधी सोल्फा. हातानं ताल देत, दो-रे-मी अशी स्वरांची नावं घेत, कागदावरची ओळ गायची. ती गाता येईपर्यंत वाद्य हातात मिळायचं नाही. पोर्तुगीज रीतीत दो हा कायम एकाच जागी असतो, आपल्या सासारखा हलत नाही. म्हणून तिथल्या मुलाच्या तोंडी व्हायोलिनच्या तारा सोल, रे, ला, मी. टिंब दिसलं की नाव आणि आवाज एकदमच ओठांवर येत, बोट मागून येई. ही मुलं मोठी होऊन प्रार्थनेला, फेस्ताला, लग्नाला, घराघरांतल्या लादाइनींना, म्हणजे घरगुती प्रार्थनांना, वाजवत. मांडो गाणाऱ्यांना घुमटाबरोबर रेबेकची साथ करत. त्यातल्या बहुतेकांच्या घरी शेतीचा तुकडा फार मोठा नव्हता.

या एका विद्येनं गोवेकरांना गावाबाहेरची दारं उघडून दिली. संस्थानिकांचे बँड, पलटणींचे आणि पोलिसांचे बँड, मुंबई-कलकत्त्याची हॉटेलं आणि क्लब, बोटींवरचे वाद्यवृंद, मूकपटांच्या थिएटरात पडद्याखाली बसून वाजवणारे ताफे, सगळीकडे एकाच गोष्टीची गरज होती: समोर ठेवलेला अनोळखी कागद लगेच वाजवता येणारा माणूस. सुरेल वाजवणारे कलावंत या देशात कुठे कमी नव्हते. बघताक्षणी वाचणारे मात्र थोडे, आणि त्यांतले पुष्कळसे मांडवी-झुआरीच्या काठांवरून आलेले.

मग बोलपट आले. संगीतकार पेटीवर चाल बांधत, सरगमच्या भाषेत विचार करत. ती चाल चाळीस-पन्नास वादकांच्या हाती द्यायची तर मध्ये कुणीतरी लिहिणारा हवा. तो अरेंजर. सेबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवत होते. मुंबईत आल्यावर शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतली व्हायोलिनची भरदार फळी त्यांनी लिहिली. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे वडील तिथल्या चर्चचे मेस्त. 1943 मध्ये अँथनी मुंबईला आले, नौशाद यांच्याकडे वाजवू लागले, पुढे अरेंजर झाले. 1958 मध्ये त्यांनी भारतीय रागांवर स्वतः लिहिलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात वाजवून घेतल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेला एक मुलगा म्हणजे प्यारेलाल. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’त लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी ज्या गाण्यातून अँथनी गोन्साल्विस हे नाव घरोघरी पोचवलं, ते गाणं सर्वांना ठाऊक आहे, त्या नावामागचा माणूस फार थोड्यांना.

प्यारेलाल यांचे वडील पं. रामप्रसाद शर्मा हे ट्रंपेटवादक. त्यांनी मुंबईत कितीतरी मुलांना नोटेशन वाचायला शिकवलं. चर्चच्या अंगणात रुजलेली विद्या अशी दुसऱ्या घरांत गेली. हा दुवा मला मोलाचा वाटतो, कारण ‘पाश्चात्त्य नोटेशन हे आपलं काम नव्हे’ असं म्हणणाऱ्यांना तो परस्पर उत्तर देतो.

रेकॉर्डिंगचा तो काळ डोळ्यांसमोर आणायला हवा. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचा फेमस, वांद्र्याचा मेहबूब. सकाळी वादक जमत, तेव्हा कागदावरची शाई कधीकधी वाळलेली नसे. दोघांमध्ये एक स्टँड. एक-दोनदा वाजवून बघायचं आणि मग गायकासकट सगळ्यांनी एकदम टेक द्यायचा. अनेक ट्रॅक वेगवेगळे ध्वनिमुद्रित करण्याची सोय येण्यापूर्वी शेवटच्या ओळीत एका व्हायोलिनवाल्याची नजर घसरली तरी सगळं पहिल्यापासून. आज त्या गाण्यांतला दोन कडव्यांमधला एखादा तुकडा ऐका. वीस-पंचवीस गज एका श्वासात उठतात आणि एका श्वासात थांबतात. आदल्या दिवशी त्यांतल्या कुणीही तो सूर ऐकलेला नसे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून सिंथेसायझर आले आणि ही फळी हळूहळू विरळ होत गेली. गावागावांत वाचायला शिकण्यामागचं एक मोठं कारण त्याबरोबर गेलं.

मराठी बाजूला व्हायोलिन वेगळ्या वाटेनं वाढलं. पं. गजाननराव जोशी, पं. व्ही. जी. जोग, पं. डी. के. दातार, गोव्याचेच श्रीधर पार्सेकर यांनी हे वाद्य मांडी घालून, तारा सा-पमध्ये लावून, गायकी अंगानं वाजवलं. प्रभाकर जोग सुधीर फडके यांचे सहायक. त्यांचं ‘गाणारं व्हायोलिन’ ही मराठी घरांची आवडती गोष्ट. या परंपरेत कागद मागे राहतो. स्वर गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या हातात येतो, मींड कशी घ्यायची हे कुठल्याही रेघेवर लिहिता येत नाही. दोन्ही वाटांवर प्रेम असलेल्या माणसाला लोक नेहमी विचारतात, की वाचायला शिकलं तर कान मंदावतो का? मला वाटतं, वाईट रीतीनं शिकलं तर मंदावतो. डोळ्यातून थेट बोटात गेलेलं टिंब कानाला वगळून जातं. असं वाजवणारा पुढच्या टिंबाकडे धावत असतो आणि आपलाच आवाज त्याला ऐकू येत नाही. मेस्तांची रीत हे होऊ देत नाही, कारण मध्ये गळा उभा आहे. जे आधी गायलं, ते बोटानं चुकवलं तर लगेच कळतं.

म्हणून सरगम येणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याला मी हेच सुचवतो. नवा तुकडा आला की वाद्य पेटीतच ठेवा. ओळीच्या सुरुवातीचे शार्प बघा, सा कुठला ते ठरवा, मग अख्खी ओळ सरगममध्ये गा. टिंबाला नाव सरगमचं द्या, पत्ता मात्र कागदाचा पाळा. सुरुवातीला हे फार हळू जातं. पण दोन भाषांमधली ती अडकणूक याच वाटेनं सुटते, आणि वर्षानुवर्षं कमावलेला कान आड न येता उपयोगी पडू लागतो.

लयीचं वाचन हा वेगळाच डोंगर. पूर्ण पोकळ गोळा चार मात्रांचा, पोकळ गोळ्याला काडी म्हणजे मिनिम, दोन मात्रांचा. भरीव टिंबाला काडी म्हणजे क्रॉचेट, एक मात्रा. काडीला शेपूट म्हणजे क्वेव्हर, अर्धी. इथवर मराठी माणसाला काही अवघड नाही. गाडी अडते ती टिंबाच्या उजवीकडे काढलेल्या बारीक ठिपक्याशी. हा ठिपका त्या स्वराची लांबी दीडपट करतो. क्रॉचेटला ठिपका म्हणजे दीड मात्रा, आणि त्यामागून येणारा एकटा क्वेव्हर अर्ध्या मात्रेचा. नवशिके दीडाच्या जागी एक मोजतात किंवा दोन. ज्यांनी तबल्याच्या ठेक्यावर दीडपट लयकारी कधी ऐकलीय, त्यांनी पायानं मात्रा धरून ‘एक-आणि-दोन-आणि’ म्हणत टाळी दिली तर हे लवकर जमतं. गज हातात न घेता.

तालाची सवय असलेल्याला बारची उभी रेघही चकवते. तीनतालाचं आवर्तन सोळा मात्रांचं, त्यात सम आणि खाली यांचं नातं, आणि समेवर येण्याची ओढ. चार-चारच्या बारमध्ये ती ओढ नाही. दर चार मात्रांनी एक रेघ येते, पहिल्या मात्रेला थोडा भार असतो, आणि पुढे चालू. मात्र व्हायोलिनवाल्यासाठी ही रेघ हाताला काही सांगते: बहुधा तिच्या पुढचा पहिला स्वर गज खाली ओढत घ्यायचा, कारण खाली येणाऱ्या गजाला आपसूक वजन असतं. खाली ओढायची खूण चौकटीच्या दारासारखी, वर ढकलायची इंग्रजी व्हीसारखी. तीन मात्रांच्या बारमध्ये प्रत्येक स्वराला गज उलटत गेलं तर दुसऱ्याच बारच्या पहिल्या मात्रेवर गज वर जातो. अशा ठिकाणी रचना करणारा दोन स्वर एका गजात बांधून देतो. ती कमान नुसती शोभेची नसते, पुढच्या बारचा हिशेब तिच्यात असतो.

जपानच्या शिनिची सुझुकी यांनी (1898–1998) हे सगळं वाचन मागे ढकललं. मूल मातृभाषा आधी बोलतं, वाचायला नंतर शिकतं. मग व्हायोलिन तसंच का नको? त्यांच्या पद्धतीत मूल रोज ध्वनिमुद्रण ऐकतं, पालक शेजारी बसतो, मूल कानानं वाजवतं, आणि कागद बराच पुढे येतो. या पद्धतीनं जगभर हजारो मुलांचा सूर आणि आवाज फार सुंदर घडला. तिच्यावरचा आक्षेपही जुना आहे: वाचन फार लांबलं तर मुलाचा हात इतका पुढे जातो, की त्याच्या योग्यतेचा कागद त्याला वाचता येत नाही आणि वाचता येईल तो कागद बाळबोध वाटतो. पुस्तकातल्या ओळखीच्या गाण्यांचाही हाच धोका. सर्वांना ठाऊक असलेली चाल मूल पाठ वाजवतं आणि डोळे नुसते कागदावरून फिरतात. ओळखायची युक्ती सोपी: तिसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या बारपासून वाजव म्हणायचं. वाचणारा वाजवतो, पाठवाला पहिल्यापासून सुरू करू का विचारतो. अनोळखी चाली हव्यात त्या यासाठी. वोल्फार्टचे ओपस 45 मधले साठ अभ्यास मुलांना कंटाळवाणे वाटतात, पण ते कुणी आधी ऐकलेले नसतात, हाच त्यांचा गुण.

परीक्षांचं मला मनापासून वाईट वाटतं. लंडनच्या दोन संस्थांच्या ग्रेड परीक्षा आपल्याकडे लोकप्रिय आहेत. मूल वर्षभर तीन तुकडे घोटतं, त्यांचे आकडे, गजाच्या खुणा, सगळं पाठ होतं, गुण चांगले पडतात, आणि चौथा तुकडा समोर ठेवला तर ते गप्प बसतं. त्यांतल्या ट्रिनिटी या संस्थेच्या पाचव्या ग्रेडपर्यंत साइट रीडिंग, म्हणजे बघताक्षणी वाचन, टाळून दुसऱ्या चाचण्या निवडता येतात, आणि पुष्कळ क्लास तसंच करतात. यात शिक्षकांचा दोष थोडा, पालकांच्या घाईचा जास्त. रोज पाच मिनिटं एक नवी, सोपी, कधीही न बघितलेली ओळ वाचायची, आणि ती पुन्हा वाजवायची नाही, एवढा नेम पाळला तरी वर्षाच्या शेवटी मूल मोकळं होतं. वाजवत असलेल्या बारवर शिक्षकांनी पुठ्ठ्याचा तुकडा सरकवत न्यावा, म्हणजे डोळ्याला पुढे जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

प्रौढांची एक अडचण कुठल्याच पुस्तकात नाही. वाचायच्या चष्म्याचं अंतर हातात धरलेल्या वर्तमानपत्राइतकं असतं, स्टँड त्याहून दूर उभा असतो, आणि हनुवटी व्हायोलिनवर टेकवलेली असल्यानं मान वरखाली करता येत नाही. प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून पाचपैकी नेमकी कोणती रेघ ते कळतच नाही. कितीतरी जणांनी आपलं डोकं चालत नाही असं समजून वाचन सोडलंय, आणि अडचण होती ती काचेची. कागद झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्री आकारात वाढवून घ्यावा, जमल्यास स्टँडच्या अंतराचा वेगळा चष्मा करावा.

आज वाचणाऱ्यांना जागा कुठे आहे? मुंबईत 1935 मध्ये मेहली मेहता यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. 2006 मध्ये एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. त्यात परदेशी वादक बरेच, तरी तिथे शिकून तयार झालेली आपली मुलं हळूहळू येताहेत. गोव्यात कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण चालतं. 2009 पासून चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन गरीब घरांतल्या मुलांना व्हायोलिन आणि चेलो शिकवते. काही चर्चमध्ये मेस्त अजून आहेत. आणि शहरोशहरी क्लासमधले छोटे वाद्यवृंद आहेत. माझ्या मते वाचनाची खरी शाळा या छोट्या वाद्यवृंदांत भरते.

कारण तिथे गाण्याची मुख्य चाल आपल्या वाट्याला येत नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या व्हायोलिनचा कागद म्हणजे लांब स्वर, मधेच दोन टिंबं, मग विराम. पाठ करावं असं त्यात काही नसतं आणि कानानं ओढून न्यावं असंही नसतं. शेजारच्या खुर्च्यांवर भलतंच काही चाललेलं असतं. पाखेलबेलचा कॅनन नवशिक्यांचे गट हमखास बसवतात. त्यात चेलो आठ स्वरांची एकच ओळ अठ्ठावीस वेळा वाजवतो, आणि तीन व्हायोलिनं तंतोतंत एकच संगीत दोन-दोन बारच्या अंतरानं उचलतात. पहिलं तिसऱ्या बारला निघतं, दुसरं पाचव्याला. तिसऱ्या व्हायोलिनच्या कागदावर सुरुवातीला मधल्या रेघेवर एक जाड आडवी पट्टी असते आणि तिच्या डोक्यावर सहाचा आकडा: सहा बार थांबा. त्या सहा बारांत पुढे आपल्याला वाजवायचंय तेच सगळं शेजारून ऐकू येतं आणि हात शिवशिवतात. पाऊल न हलवता, मनात ‘एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार’ मोजायचं. पाचव्या बारला व्हायोलिन खांद्यावर घ्यायचं, सहाव्याला गज तारेवर ठेवायचा, पहिला स्वर मनात गायचा, आणि सातव्याच्या पहिल्या मात्रेला निघायचं.